शर्यतीला घाट हवा

वडिवळे हे कामशेतजवळचं, नाणे मावळातलं गाव. जुना मुंबई–पुणे महामार्ग आणि द्रुतगती मार्ग दोन्ही या परिसरातून जातात. शनिवार-रविवारी पहाटे मोठ्या बाइकचे ताफे लोणावळ्याकडे निघतात आणि यात्रांच्या दिवसांत मावळातल्या घाटांमध्ये, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, बैलगाड्यांचा धुरळा उडतो. वेगाचं वेड इथे नवं नाही. आता त्यात आणखी एका शर्यतीची भर पडली आहे. ती मोबाइलच्या आणि लॅपटॉपच्या पडद्यावर चालते. शहराच्या वाहत्या रस्त्यावर, समोरून येणारी वाहनं चुकवत, पोलिसांना गुंगारा देत गाडी पळवायची, असा तो खेळ. त्यानं मुलं बिघडतात की तो निव्वळ करमणूक आहे, हा वाद मावळातल्या घरांनाही आता ओळखीचा आहे. वादाच्या दोन्ही बाजू नीट ऐकू याव्यात म्हणून इथे दोन पात्रं योजली आहेत. मामा एसटीतून निवृत्त झालेले चालक, वडिवळ्यात राहणारे, बैलगाड्याचे जुने शौकीन. भाची पुण्यात संगणक अभियांत्रिकी शिकते आणि सुट्टीत आजोळी आली आहे. विषय आहे मामांच्या आठवीतल्या नातवाचा.

मामा : त्याच्या लॅपटॉपवर तो गाड्यांचा गेम तू टाकून देणार आहेस म्हणे. माझं ऐक, देऊ नकोस.

भाची : का मामा? जुगार थोडाच आहे तो? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारनं ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून बंदी घातली, ते चांगलंच झालं. हा त्यातला नाही. ‘नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड’ म्हणून 2005 सालचा गेम आहे. जुना असल्यामुळे साध्या लॅपटॉपवरही चालतो, म्हणून त्याला हवाय.

मामा : त्याच्या मित्राकडे मी पाहिलाय तो. पाठीमागे उभा राहून चांगला अर्धा तास पाहिला. चुकीच्या बाजूनं गाडी घुसवायची, समोरच्याला घासून जायचं, मागे लागलेली पोलिसांची गाडी उडवून द्यायची. ती उलटली की कोपऱ्यातला आकडा वाढतो. मी विचारलं, हा कसला आकडा? तर पोरगा म्हणतो, आजोबा, जेवढं नुकसान जास्त तेवढा भाव जास्त.

भाची : बरोबर सांगितलं त्यानं. रॉकपोर्ट नावाचं काल्पनिक शहर आहे. तिथल्या 15 बेकायदा शर्यतबाजांची यादी असते. एकेकाला हरवत वर चढायचं आणि सुरुवातीला आपल्याकडून हिसकावून घेतलेली बीएमडब्ल्यू परत मिळवायची. पुढच्या माणसाला आव्हान द्यायचं तर काही शर्यती जिंकाव्या लागतात आणि आपल्या डोक्यावरचं इनामही ठरावीक रकमेपर्यंत न्यावं लागतं. पोलिसांना जितकं छळाल तितकं ते इनाम वाढतं. सरकारचं किती रुपयांचं, म्हणजे तिथे डॉलरचं, नुकसान केलं याचीही मोजदाद होते.

मामा : मग यात माझ्या म्हणण्याबाहेरचं काय राहिलं? पस्तीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला एसटी काय देते? विनाअपघात सेवेचा सत्कार. तुझा गेम अपघाताचा सत्कार करतो.

भाची : पण खेळणाऱ्याला ते खरं वाटत नाही, हे तुम्ही धरतच नाही. त्याला हातात येतं ते वेगळंच. वळणाच्या आधी ब्रेक लावायचा, वळणात नाही. बाहेरून आत आणि आतून बाहेर अशी रेषा पकडायची. पुढे दोन गाड्यांत फट कुठे पडणार हे आधी ओळखायचं. पडद्यावर शिकलेलं खऱ्या गाडीत उतरतं याचा पुरावा आहे. 2008 मध्ये सोनी आणि निस्सान यांनी ‘जीटी अकॅडमी’ सुरू केली. ‘ग्रान तुरिस्मो’ हा गेम उत्तम खेळणाऱ्यांना निवडून खऱ्या रेसिंगचं प्रशिक्षण द्यायचं, अशी ती योजना. यान मार्डेनबरो हा ब्रिटनमधला तरुण 2011 मध्ये ती स्पर्धा जिंकला आणि 2013 मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत त्याच्या संघानं आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला.

मामा : तो कुठे शिकला? ट्रॅकवरच्या गेममध्ये. आणि धावला कुठे? ट्रॅकवर. त्याचं मला कौतुकच आहे. पण आपल्या पोराला हवाय तो रस्त्यावरचा. रस्त्यावर गाडी हाकणं म्हणजे नुसतं स्टिअरिंग नव्हे पोरी. खंडाळ्याचा घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, नाहीतर ब्रेक तापून हातचा जातो. तुझ्या गेममध्ये ब्रेक तापतो का? मागे पन्नास माणसं बसलेली असतात का? पहिल्या वळणावर म्हातारीला उलटी होते, दुसऱ्या वळणावर दरवाज्यातलं पोर झोकांडी खातं. हे सगळं पायाच्या पंजाला कळावं लागतं.

भाची : नाही तापत. गाडी आदळली तरी काच तडकते, पत्रा खरवडतो आणि दोन क्षणांत ती पुन्हा सरळ उभी असते. ते मी नाकारत नाही. पण म्हणूनच तो खेळ आहे. चुकीची किंमत तिथे वेळेत मोजावी लागते, हाडामांसात नाही.

मामा : आणि चुकीची किंमत नसते हे एकदा डोक्यात बसलं की? यावर कुणी शहाण्या माणसानं काही तपासलंय का, की आपण नुसतेच भांडतोय?

भाची : तपासलंय, आणि ते तुमच्या बाजूचं आहे, तरी सांगते. जर्मनीत पीटर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये आणि पुन्हा 2009 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. काही जणांना शर्यतीचे गेम खेळायला दिले, काहींना दुसरे. मग रस्त्यावरच्या धोक्याच्या प्रसंगांची चित्रफीत दाखवली आणि विचारलं, कोणत्या क्षणी तुम्ही माघार घ्याल? ओव्हरटेक करताना, फाटक पडत असताना, असे प्रसंग. शर्यतीचा गेम खेळलेल्यांनी माघार उशिरा घेतली. 2009 च्या प्रयोगांत तर असं दिसलं की हा परिणाम सगळ्या गेमचा नाही. वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल बक्षीस देणाऱ्या गेमचाच तो आहे.

मामा : मग संपलंच की.

भाची : नाही संपलं. हा परिणाम प्रयोगशाळेत, खेळून झाल्यावर लगेच मोजलेला आहे. चित्रफीत बघून बटण दाबणं आणि रस्त्यावर माणूस मारणं यांत फार अंतर आहे. गेम खेळणाऱ्यांनी अमुक इतके अपघात केले, असं तो प्रयोग सांगत नाही. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. परिणाम कशातून होतो, तेही त्यांनी शोधलं. खेळणारा काही वेळ स्वतःकडे बेदरकार चालक म्हणून पाहायला लागतो. गाडी कशी चालवायची यापेक्षा ‘मी कोण आहे’ याचं उत्तर बदलतं.

मामा : हे मात्र मी डोळ्यानं पाहिलंय. पावसाळ्यात लोणावळ्याला येणारी पोरं बघ. गाडी साधीच असते. पण मित्रानं मोबाइलवर शूटिंग सुरू केलं की तोच पोरगा वेगळा होतो. अंगात कुणीतरी दुसराच शिरतो. म्हणून मी म्हणतो, हे वय अजून कच्चं आहे, त्याला असलं रूप घालायला देऊ नये. शर्यतीचं वेडच नको.

भाची : मामा, हे तुम्ही म्हणावं? बैलगाड्याची यात्रा कधी चुकवलीत? 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा तुम्ही मोर्चात होतात. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली तेव्हा गावागावांत भंडारा उधळला गेला. तेव्हा शर्यतीचं वेड ही आपली परंपरा होती. आता पोरांच्या हातात आलं तर ते बिघडणं झालं?

मामा : बंदी आली ती काही उगाच नव्हती, हेही मी मानतो. पराण्या टोचणं, शेपट्या चावणं, बॅटरीचा शॉक देणं, हे प्रकार काही जण करत होते. बैल सांगू शकत नाही, म्हणून कोर्टानं त्याच्या वतीनं सांगितलं. मग राज्यानं 2017 मध्ये कायदा केला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, धाव हजार मीटरच्या आत, जनावराला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. 18 मे 2023 ला घटनापीठानंही तो कायदा वैध ठरवला. शर्यत परत मिळाली ती नियम अंगावर घेतल्यामुळे.

भाची : म्हणजे वेड वाईट नव्हतं, त्याची रीत वाईट होती. मग पोरांच्या वेडाला तोच न्याय लावा.

मामा : लाव की. पण आधी घाट बघ कसा असतो ते. आपल्याकडे एका वेळी एकच गाडा सुटतो. पुढे घोडी, मागे चार बैल, आणि शर्यत सेकंदाशी. निशाण पडायच्या आधी घाट मोकळा केलेला असतो. दोन्ही अंगाला हजारो माणसं असतात, पण प्रत्येकाला ठाऊक असतं की आता गाडा येणार. धावणारा आणि बघणारा, दोघंही ठरवून आलेले असतात. रस्त्यावर चालणारा माणूस काय ठरवून आलेला असतो? तो भाजी घ्यायला आलेला असतो.

भाची : पण मामा, पडदा हाही एक मोकळा केलेला घाटच आहे. तिथे तर कोणीच मध्ये येत नाही.

मामा : हेच विचारायचं होतं मला. अर्धा तास मी शोधत होतो. एवढं मोठं शहर, पूल, बागा, दुकानं, पेट्रोलपंप, आणि चालणारा एक माणूस नाही! शाळा सुटत नाही, कुणी रस्ता ओलांडत नाही. तिथली माणसं गेली कुठे?

भाची : ठेवलीच नाहीत. या गेमच्या शहरात पादचारीच नाहीत. दुसरी एक ‘मिडनाइट क्लब’ नावाची मालिका आहे, तिच्यात माणसं चालतात, पण गाडी कितीही वेगानं अंगावर घातली तरी ती ऐनवेळी उडी मारून बाजूला होतात. मला यात चांगुलपणाच दिसतो. मुलांच्या खेळात माणूस चिरडला जाऊ नये, एवढी मर्यादा पाळलेली आहे.

मामा : मर्यादा आहे खरी. पण त्या मर्यादेतून पोराचा डोळा काय शिकतो, ते बघ. गाडी चालवताना नजर सतत माणूस शोधत असते. उभ्या टेम्पोच्या आडून पोर धावत येईल का? ही आजी ओलांडता ओलांडता मागे फिरेल का? एसटीत आम्ही शिकलो ते हेच. चेंडू रस्त्यावर आला की मागून पोर येणारच, पाय आधी ब्रेकवर. ज्या शहरात माणूसच नाही तिथे हा डोळा तयार होत नाही. आणि जिथे माणूस दर वेळी उडी मारून वाचतो, तिथे तर उलटंच शिक्षण मिळतं, की बाजूला होणं हे त्याचं काम आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये आपल्याच मावळात, जुन्या महामार्गावर, आळंदीला निघालेल्या दिंडीत पिकअप घुसला. वारकरी मेले. टाळ हातात असलेल्या माणसानं कुठे उडी मारायची?

भाची : त्या चालकानं कुठला गेम खेळला होता असं आपण म्हणू शकत नाही, मामा.

मामा : म्हणतही नाही. रस्त्यावर माणसं असतात हे विसरल्यावर काय होतं, एवढंच म्हणतोय.

भाची : हे मान्य. माणसांशिवायचा रस्ता म्हणजे रस्ता नव्हे, हे मी इतकी वर्षं खेळूनही असं पाहिलं नव्हतं. हिशेबही तुमच्याच बाजूनं बोलतो. ताशी 60 नं जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढं अंतर आधीच गेलं. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे 20 मीटर. एकूण 37. वेग दुप्पट, म्हणजे 120 केला, तर पहिलं अंतर दुप्पट होतं आणि ब्रेकचं चौपट. एकूण 110 मीटरच्या वर. कामशेतच्या चौकात एवढी मोकळी जागा मिळणार आहे कुठे? आणि आपला पाऊस त्यात धरलेलाच नाही.

मामा : भरलेल्या एसटीला तर याहून जास्त लागतं. बघ, आलीस ना मार्गावर. मग गेम नको, हे ठरलं.

भाची : नाही ठरलं. माणसं मरतात ती कशानं आणि वाचतात ती कशानं, हे नीट पाहू. द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 जणांचे जीव गेले. मग सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिस यांनी मिळून शून्य मृत्यूचं उद्दिष्ट ठेवून काम सुरू केलं. उघड्या खांबांना आणि कठड्यांच्या टोकांना संरक्षण, धोक्याच्या जागांवर खुणा, वेगावर नजर, जखमीला लवकर मदत. 2020 मध्ये मृत्यूंचा आकडा 66 वर आला. त्या वर्षी टाळेबंदीही होती, तरी त्याआधीही तो उतरत होता. यात कुणी कुणाचा गेम बंद केला नव्हता. रस्ता सुधारला, पहारा वाढवला.

मामा : गाडी कुणाच्या हातात दिली जाते हाही पहाराच आहे. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये काय झालं? सतरा वर्षांचा मुलगा, महागडी गाडी, आणि मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते संपले.

भाची : त्या मुलानं दारू प्यायल्याचाही आरोप आहे. पण मला सांगा, त्याच्या हातात काय दिलं गेलं होतं? गेम नव्हे, किल्ली. आणि आता तुम्हाला राग येईल, तरी विचारते. आपला हा आठवीतला पोरगा रोज सकाळी डेअरीवर दूध घालायला कशावर जातो?

मामा : स्कूटीवर. तेवढाच तर रस्ता आहे. गावातली सगळीच पोरं जातात.

भाची : 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम 199अ असं आहे की अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजारांचा दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आपली स्कूटी त्यात बसत नाही आणि तो चौदाचा आहे. पडद्यावरची खोटी गाडी तुम्हाला धोक्याची वाटते, आणि खरी गाडी तुम्ही स्वतः काढून देता. डेअरीच्या वाटेवर माणसं नाहीत का?

मामा : आहेत. शाळेची पोरंही असतात त्या वेळेला. ... तू बोललीस ते खरं आहे. दूध मी घालेन, नाहीतर तो सायकलवर जाईल. किल्ली आजपासून माझ्याकडे.

भाची : मग गेमचं बोलू. माझं म्हणणं असं, की त्याला आधी ट्रॅकवरचा शर्यतीचा गेम द्यावा. नियम मोडायचं बक्षीस नसलेला. फिशर यांच्या प्रयोगातला फरकही तोच आहे. ‘मोस्ट वाँटेड’ नंतर, आणि तेव्हाही घरात, कुणाच्या तरी सोबत. आपण आज बोललो ते त्याच्याशी बोलायचं. या शहरात माणसं का नाहीत, नुकसानीचे गुण का मिळतात, हे त्यालाच विचारायचं. बंदी घातली तर तो मित्राकडे जाऊन खेळेल आणि तिथे हे विचारणारं कोणी नसेल.

मामा : त्या नुकसानीच्या गुणांशी माझं जमणार नाही, ते मी तुला आत्ताच सांगतो. खेळ झाला तरी शाबासकी कशाला द्यायची याला काही धरबंध हवा. पण तुझं दुसरं पटतं. मीही एक करतो. यात्रेच्या मैदानावर त्याला सायकल घेऊन उभा करतो. चुन्याची रेघ ओढायची, रेघेवर ब्रेक दाबायचा, कुठे थांबला ते मोजायचं. मग वेग वाढवायचा आणि परत मोजायचं. तू आकड्यात सांगितलंस ते त्याच्या पायाला कळेल.

भाची : आणि अठरा वर्षांचा झाल्यावर त्याला खरंच जोरात गाडी पळवावीशी वाटली तर? वाटणारच आहे. कायदा सांगतो, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. नको कुठे हे कायद्यानं सांगितलं. हवं कुठे, हे कोण सांगणार? इथून जवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ नावाची शर्यत भरलेली आहे. सरळ पाव मैल, म्हणजे 402 मीटर, वेळ यंत्रानं मोजलेली. पण तिथे महागड्या गाड्यांचा डामडौल. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे. मोठी सर्किट चेन्नई, कोइमतूर आणि ग्रेटर नोएडाला. वडिवळ्यातल्या, कामशेतमधल्या पोराच्या वाट्याला काय? महामार्ग. म्हणून तो महामार्गावर जातो.

मामा : हे खरं दुखणं आहे. वेग अंगात असतोच, आमच्याही होता. आम्हाला तो घालवायला घाट होता, म्हणून आम्ही गाडे रस्त्यावर पळवले नाहीत. बैलांच्या शर्यतीसाठी सगळा जिल्हा सात वर्षं भांडला. वर्गण्या काढल्या, वकील दिले, दिल्लीपर्यंत गेलो. पोरांच्या शर्यतीसाठी जागा मागायला मात्र कुणी एक अर्जसुद्धा केला नाही. त्यांना नुसत्या शिव्या दिल्या.

भाची : मग अर्ज करा. तालुक्यात एक बंदिस्त जागा, महिन्यातून एखादा रविवार, पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिका उभी, हेल्मेटशिवाय प्रवेश नाही. पोरं येतील. गेममध्ये तासन्‌तास नियम पाळून शर्यत जिंकणारी पोरं इथेही नियम पाळतील, कारण शर्यतीला नियम असतात हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मामा : पुढच्या ग्रामसभेत विषय मीच मांडतो. म्हातारे हसतील, हसू देत. 2014 मध्येही आम्हाला हसणारे होते.

भाची : आणि तोपर्यंत गेमचं काय?

मामा : ट्रॅकवरचा आज टाकून दे. दुसरा मी त्याच्या शेजारी बसेन तेव्हा. आणि गाडीची किल्ली अठरा पूर्ण झाल्यावर, लायसन्स हातात आल्यावर, त्याच्या आधी एक दिवसही नाही.